खुराडं घरासकट

किल्काय गावात गेल्या पिढीत जो कुणी जन्माला आला तो एलिओदोरो बार्रिया यांच्या परवानगीने आला. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. एकतीस वर्षं ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होते. गावात मूल झालं की आधी मूल रडायचं आणि मग त्याचा बाप, कारण बापाला एलिओदोरोंच्या खिडकीपुढे उभं राहावं लागे. "दाईची सही कुठाय?" "शिक्का पुसट आलाय." "नक्कल जोडलेली नाही. उद्या या." चिलोए बेटावर बारा महिन्यांतले दहा महिने पाऊस. माणसं खाडीपलीकडून होडी वल्हवत यायची, ओलीचिंब खिडकीशी उभी राहायची आणि तशीच ओली परत जायची. एलिओदोरो निवृत्त झाले तेव्हा गावाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या जरा जास्तच जोरात वाजल्या, पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीचा लावला.

तर मार्च महिन्यात एका सकाळी या गृहस्थांनी रेडिओवर ऐकलं की किनाऱ्यावर काही हंस मरून पडलेत, पाखरांचा ताप पसरतोय. तेव्हा ज्याच्या दारी एक जरी कोंबडी असेल त्याने तिची नोंदणी करावी, घशातला नमुना तपासून घ्यावा आणि खुराडं नियमात बसतं की नाही ते पाहून घ्यावं. जो करणार नाही त्याच्या कोंबड्या पशुआरोग्य खात्याची गाडी येऊन उचलून नेईल.

ऑर्फेलिनाच्या हातातली किटली हातातच राहिली. ऑर्फेलिना ही एलिओदोरोंची बायको, तिच्या अकरा कोंबड्या होत्या. बिनशेपटीच्या, कानांशी पिसांचे झुपके असलेल्या, निळी अंडी घालणाऱ्या. तिचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या आईने समोरच्या बेटावरून त्यांतली पहिली जोडी टोपलीत घालून, मांडीवर धरून होडीतून आणली होती. पुढे आई गेली, बेटावरचं घर गेलं, भावंडं मुलूखभर पांगली. माहेरचं म्हणून जे काही उरलं होतं ते मागच्या खुराड्यात दाणे टिपत होतं.

"म्हाताऱ्या, माझ्या कोंबड्या नेतील रे?"

"नेतात कसल्या! नोंदणी म्हणजे काय ते मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर त्याचाही दाखला मीच दिलेला असणार. अर्ध्या सकाळचं काम!"

हे वाक्य पाठ करून ठेवा. ऑर्फेलिनाने केलं होतं.

शेजारचे रेमिहिओ ओयार्सो कुंपणावर कोपरं टेकून हे ऐकत होते. त्यांच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला एलिओदोरो धर्मपिता झाले होते, तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत आणि एकमेकांच्या घरात न विचारता लक्ष घालत. "कोंपाद्रे, कागदाच्या नादी लागू नका," ते म्हणाले. "साहेब लोक यायच्या दिवशी कोंबड्या पोत्यात घालायच्या. आम्ही तेच करणार."

"आणि कोंबडा आरवला तर?"

"त्याला वेगळं पोतं."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे एलिओदोरोंनी त्यांना ऐकवलं आणि ठेवणीतला काळा कोट चढवून ते पशुआरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. तिथे पहिला धक्का बसला. अर्ज एका पानाचा होता! नाव, जागा, पक्ष्यांची संख्या, सही. एलिओदोरोंनी पान उलटून पाहिलं, मागे कोरं. एका पानाच्या कागदाला अर्ज म्हणायचं म्हणजे होडक्याला जहाज म्हणण्यासारखं. असल्या चिठोऱ्यावर विसंबून बायकोच्या कोंबड्या वाचणार नाहीत हे त्यांच्या अनुभवी मनाने ताडलं. ते घरी आले, तीन दिवस टेबलाशी बसले आणि त्यांनी अकरा कोंबड्यांचे अकरा जन्मदाखले तयार केले. नाव: तेरेसिता. आई: धाकटी विधवा. जन्मस्थळ: स्वयंपाकघरामागे. ओळखखूण: डाव्या कानाचा झुपका अर्धा, उजव्या पायाला वाकडं नख. 'वडील' या रकान्याशी मात्र घोडं अडलं. कुंपण ओलांडून येणारा कोंबडा एकच होता आणि तो रेमिहिओंचा होता. एलिओदोरोंनी अकराही ठिकाणी खरं काय ते लिहिलं आणि कोंबड्याचे मालक म्हणून सही घ्यायला रेमिहिओंकडे गेले.

रेमिहिओंच्या तोंडचं पाणी पळालं. आपला कोंबडा सरकारी कागदावर आला म्हणजे आपणही आलो, एवढं त्यांना कळत होतं. सही त्यांनी दिली, कोंपाद्रेला नाही कसं म्हणणार? पण त्याच दिवसापासून ते काहीतरी मनाशी ठरवून हिंडू लागले.

कचेरीतल्या खिडकीवरच्या मुलीने वरचं एक पान घेतलं, शिक्का मारला आणि बाकीचा गठ्ठा परत सरकवला. "हे लागत नाही, डॉन एलिओदोरो."

"मग मी याचं काय करू?"

"आठवण म्हणून ठेवा की."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा कागद खिडकीतून परत आला होता. ते घरी चालत आले, कोट काढला आणि रात्रीचं जेवण नको म्हणाले. नंतर सूप मात्र दोनदा घेतलं.

पुढच्या गुरुवारी तपासणीला खात्याची पशुवैद्य आली. यास्ना चिग्वाय, वय सव्वीस, पायात रबरी बूट, हातात नमुन्यांची पेटी. तिने खुराड्यात डोकावून बोटांनी मोजणी केली, मग कागद पाहिला, मग पुन्हा मोजणी केली.

"कागदावर अकरा आहेत. इथे चौदा कशा?"

एलिओदोरोंना घाम फुटला. त्यांच्या घरात बिननोंदणीचे जीव! त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. रेमिहिओ आभाळ न्याहाळत होते. आभाळ रोजच्यासारखंच करडं होतं, न्याहाळण्याजोगं त्यात काही नव्हतं.

"एक मिनिट," एलिओदोरो म्हणाले आणि आतून गठ्ठा घेऊन आले. मग एकेक दाखला वाचत त्यांनी एकेक कोंबडी ओळखून बाजूला काढली. तेरेसिता, वाकडं नख, बरोबर. धाकटी विधवा, छातीवर पांढरा ठिपका, बरोबर. पंधरा मिनिटांत अकरा वेगळ्या झाल्या आणि मागे तीन उरल्या, तिन्ही चांगल्या झुबकेदार शेपटीच्या.

"या कुणाच्या?" यास्नाने विचारलं.

"आल्या असतील शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चार दिवस," कुंपणावरून उत्तर आलं.

यास्ना हसली. असली नोंदवही आपण कुठे पाहिली नाही, असंही म्हणाली. एलिओदोरोंची छाती दोन बोटं फुगली. मग त्यांनी एकेक कोंबडी धरायची आणि तिने चोच उघडून घशात कापसाची काडी फिरवायची, असं सुरू झालं. सातव्या कोंबडीने त्यांच्या काळ्या कोटावर आपला अभिप्राय नोंदवला. आठवी त्यांच्या डोक्यावर चढून बसली, ती उतरेना, म्हणून तिचा नमुना तिथेच घेण्यात आला. गावातली निम्मी माणसं तोवर कुंपणाशी जमली होती आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. एक म्हणे पाण्यात लसूण घाला, दुसरी म्हणे दारू घाला. कोंबडीला की डॉन एलिओदोरोंना, असं तिसऱ्याने विचारलं.

शेवटी यास्नाने पेटीतून मोजपट्टी काढली. खुराड्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत. खाडीवर काळ्या मानेचे हंस उतरतात, त्यांच्यापासून खुराडं पन्नास मीटर लांब हवं. पट्टी थांबली तिथे आकडा होता एकोणीस.

"डॉन एलिओदोरो, खुराडं हलवावं लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारी मी येईन, नमुन्यांचा निकालही घेऊन येईन. तोवर नाही हलवलं तर मला कोंबड्या न्याव्या लागतील. माझ्या हातात काही नाही हो."

ऑर्फेलिनाने खुराड्याची कडी लावली. ती आत गेली आणि एलिओदोरोंना तिच्या पाठीवरून कळलं की ती रडतेय.

आता खुराडं हलवणं यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. एलिओदोरोही तसंच म्हणाले. पण ते खुराडं स्वयंपाकघराच्या भिंतीला धरून बांधलेलं होतं. भिंतीच्या अलीकडे चूल, पलीकडे कोंबड्या. त्या उबेला पाठ लावून झोपायची सवय त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची. एकदा अंगणात वेगळं खुराडं करून पाहिलं होतं, तर त्या हिवाळ्यात एकीनेही अंडं दिलं नाही आणि दोन दगावल्या. तरीही रविवारी ऑर्फेलिना चर्चला गेल्यावर एलिओदोरोंनी करवत काढली आणि एक खांब निम्मा कापला. तो खांब खुराड्याचा आहे अशी त्यांची समजूत होती. खांब स्वयंपाकघराचाही होता. कर्रर असा आवाज झाला, स्वयंपाकघर हातभर कललं आणि मांडणीवरच्या बशा एकामागून एक शिस्तीत खाली आल्या. ऑर्फेलिना परतली तेव्हा तिचा नवरा पाठीने भिंत धरून उभा होता. तो पाऊण तास तसाच उभा होता, कारण सोडली तर काय होईल याची त्याला खात्री नव्हती.

"अर्ध्या सकाळचं काम ना रे?" एवढंच ती म्हणाली.

रेमिहिओंनी टेकू आणून लावला आणि ते जमिनीवर बसकण मारून विचार करू लागले. तीन कोंबड्यांचं ओझं त्यांच्या मनावर होतंच.

"कोंपाद्रे, खुराडं घरापासून सुटत नाही. बरोबर?"

"दिसतंय ना!"

"मग घर न्या."

हे ते खुर्ची सरकवा म्हणावं तसं म्हणाले. चिलोएत घर म्हणजे लाकडी, खुंटांवर ठेवलेलं. खाली दोन ओंडके सारायचे, बैल जुंपायचे आणि न्यायचं. रेमिहिओंच्या आजोबांचं घर दोनदा हललं होतं, त्यातलं एकदा खाडीतून तरंगत. वरच्या अंगाला एलिओदोरोंचं बटाट्याचं शेत होतं, बटाटे काढणीला आलेलेच होते. सगळं जुळत होतं. अडचण एकच होती. घर ओढायला सारा गाव लागतो, त्या जमण्याला मिंगा म्हणतात, आणि मिंगाला पैसे देऊन माणसं आणता येत नाहीत. दारोदार जाऊन, टोपी काढून विनवावं लागतं. मग पोटभर जेवू घालायचं आणि पुढे त्यांच्या हाकेला आपण जायचं.

एलिओदोरो एकतीस वर्षांत एकाही मिंगाला गेले नव्हते, कचेरी होती ना! आणि आता ज्या ज्या दारात जायचं, त्या त्या दारातल्या माणसाला त्यांनी कधी ना कधी 'उद्या या' म्हटलेलं होतं.

"कुणी येणार नाही गं," ते ऑर्फेलिनाला म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता.

"विचार तरी," ती म्हणाली. "माझ्या आईच्या कोंबड्या आहेत त्या."

ते निघाले. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि एकच प्रश्न विचारत: "बेर्नार्दिनो येतोय का?" बेर्नार्दिनो चिग्वायकडे बैलांच्या सहा जोड्या होत्या आणि घर ओढताना हाकारा त्याचाच लागे. तो नसला तर घर हलत नाही. हा बेर्नार्दिनो म्हणजे पशुवैद्य यास्नाचा बाप. सव्वीस वर्षांपूर्वी मुलगी झाल्याचं नोंदवायला तो खाडी ओलांडून आला होता आणि एलिओदोरोंनी त्याला तीनदा परत पाठवलं होतं. एकदा दाईची सही नव्हती, एकदा तारीख खोडलेली होती, आणि तिसऱ्यांदा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती, खिडकी बाराला बंद होई.

बेर्नार्दिनो गोठ्यात होता. एलिओदोरोंनी विनवणी केली. त्याने शांतपणे ऐकलं.

"टोपी डोक्यावर ठेवून विनवणी करत नाहीत, डॉन एलिओदोरो. रीत असते. उद्या या."

एलिओदोरोंचे कान लाल झाले. ते खाडी ओलांडून घरी आले, पाऊस होताच. दुसऱ्या दिवशी टोपी हातात धरून गेले.

"एकटेच? घर दोघांचं असतं, विनवायला दोघांनी यायचं असतं. कागद अपुरा आहे म्हणा ना. उद्या या."

त्या रात्री एलिओदोरोंनी अंथरुणात पडून दिवा मालवला. मग म्हणाले, "त्या माणसाला मी बारा वाजून दोन मिनिटांसाठी परत पाठवलं. तेव्हाही पाऊस होता."

"मला माहितीय," ऑर्फेलिना म्हणाली. "त्याच्या बायकोने तेव्हाच सांगितलं होतं."

तिसऱ्या दिवशी दोघं गेली. दोघंही भिजलेली, टोपी हातात. एलिओदोरोंनी तोंड उघडलं, पण विनवणी बाहेर येईना. "बेर्नार्दिनो, ती दोन मिनिटं..." एवढंच म्हणाले.

"बारा जोड्या लागतील," बेर्नार्दिनो बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "सहा माझ्या. सहा मी आणतो. शनिवारी सकाळी. आणि आत या, चूल पेटलीय. माझ्याकडे आलेला माणूस मी ओला परत पाठवत नसतो."

शनिवारी ऐंशी माणसं आली. एलिओदोरोंनी मोजली, कारण त्यांनी हजेरीचा तक्ता केला होता. रेमिहिओंनी तो हातातून काढून चुलीत घातला. बटाटे काढून झाले होते, अंगणात खड्डा खणून तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस आणि बटाट्याचे वडे पानांखाली शिजत होते. या जेवणात एरवी कोंबडीही असते. रेमिहिओंनी तसं सुचवून पाहिलं आणि ऑर्फेलिनाने हातातला झारा ज्या तऱ्हेने धरला ते पाहून विषय बदलला.

खिडक्यांची तावदानं काढली, चूल विझवली, घराखाली ओंडके गेले, दोर आवळले. कोंबड्या खुराड्यातच होत्या, त्यांनी जागा सोडायला साफ नकार दिला होता. बेर्नार्दिनोने हाकारा घातला, चोवीस बैलांनी माना खाली घातल्या, आणि एलिओदोरोंच्या डोळ्यांदेखत त्यांचं लग्नापासूनचं घर कुरकुरलं, डुललं आणि चालू लागलं. ऑर्फेलिना खुराड्याच्या बाजूने चालत होती, जाळीतून बोट घालून एकेकीला नावाने धीर देत होती. माणसं ओरडत होती, कुत्री ओरडत होती. एलिओदोरो पुढे उलटे चालत मोजपट्टीने सूचना देत होते. त्या कुणी ऐकत नव्हतं.

घर शेतात जाऊन थांबलं. टाळ्या पडल्या, सफरचंदाच्या दारूचे पेले निघाले, बैल सोडले. एलिओदोरोंनी घराच्या पायरीपासून पट्टी लावली. अठ्ठावन्न मीटर! मग त्यांच्या लक्षात आलं की पायरी पुढच्या अंगाला आहे आणि खुराडं मागच्या, समुद्राच्या अंगाला. त्यांनी पट्टी पुन्हा लावली. सेहेचाळीस.

जमलेले लोक पानांवर बसले होते. हातात शिंपले होते. बैल खाली बसले होते आणि बसलेला बैल पुन्हा चढावर उभा करणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारावं. एलिओदोरोंना वाटलं, आता कुणाला काय तोंडाने सांगायचं? पण जाळीआड ऑर्फेलिना तेरेसिताला घेऊन बसलेली त्यांना दिसली. त्यांनी काळा कोट काढला, घडी न घालता चिखलात टाकला, दोर उचलून खांद्यावर घेतला आणि एकटेच घर ओढू लागले.

घर अर्थातच हललं नाही. पाय घसरून ते एकदा गुडघ्यावर आले, उठले, पुन्हा ओढू लागले. हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. मग बेर्नार्दिनोने हातातला शिंपला खाली ठेवला आणि ओरडला, "काय बघताय रे? डॉन एलिओदोरो बैल झालेत, आणि तुम्ही जेवताय?" ऐंशी माणसं उठली. बैलांपैकी निम्मेच उठले, बाकीची जागा माणसांनी भरून काढली. तीन दम घेत, शिव्या देत आणि हसत त्यांनी ते घर आणखी सात मीटर वर नेलं. धक्का बसून थांबलं तेव्हा खुराड्यातून मोठा कलकलाट झाला. ऑर्फेलिनाने आत हात घातला आणि एक निळं अंडं बाहेर काढलं. ते अजून कोमट होतं.

सोमवारी यास्ना आली तेव्हा वाटेवरचं घर वाटेवर नव्हतं. ती मागे वळून खाडीकडे पाहू लागली. मग वरून साऱ्या गावाने तिला हाका मारल्या. तिने पट्टी लावली. त्रेपन्न. तिने पाकीट फोडलं. अकराही कोंबड्या निरोगी, आणि रेमिहिओंच्या तिन्हीही, याची त्यांनी आपल्या कागदात नोंद घ्यावी. लोक टोप्या उडवायला लागले, तेवढ्यात तिचा चेहरा उतरला.

"पण डॉन एलिओदोरो, नोंदणीत जागा खालची आहे. पक्ष्यांची जागा बदलली तर नवा अर्ज लागतो. तो आजच्या आत..."

टोप्या परत डोक्यांवर गेल्या. चोवीस बैल, ऐंशी माणसं, आणि एक कागद!

एलिओदोरो एक पाऊल पुढे आले. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद काढला. जागा बदलल्याचा अर्ज, तीन प्रतींत, नकाशासह, शनिवारच्या तारखेचा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. सकाळीच कचेरीच्या खिडकीवरून मारून आणलेला शिक्का ठसठशीत.

यास्नाने वाचला, उलटून पाहिला. "यात काही म्हणजे काहीच राहिलं नाहीये," ती म्हणाली.

गावाने टाळ्या वाजवल्या. या वेळी त्यांचा अर्थ लावायची गरज नव्हती. ऑर्फेलिनाने ते निळं अंडं नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत मिटून धरला. "म्हाताऱ्या," ती म्हणाली, "झाली बघ तुझी अर्धी सकाळ."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार वाजलं. शेताच्या बांधापर्यंत रांग होती आणि प्रत्येकाच्या काखेत कोंबडी. पोत्यात घालायचा विचार गावाने सोडून दिला होता. पहिले रेमिहिओ होते, तीन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन. एलिओदोरोंनी ओट्यावर टेबल मांडलं, लेखणी काढली. दुपारी बेर्नार्दिनोची पाळी आली. त्याने एक चुरगळलेला, ओला अर्ज पुढे केला. सही नव्हती, संख्या खोडलेली होती, नक्कल जोडलेली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

एलिओदोरोंच्या ओठांवर ते दोन शब्द आपोआप आले. एकतीस वर्षांची सवय. बेर्नार्दिनोही त्यांच्या ओठांकडेच बघत होता.

"बस," एलिओदोरो म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "कोंबड्यांची नावं सांग. मी लिहितो."